ऐतिहासिक पुलांचे जतन व पुनर्वसन

ऐतिहासिक पुलांचे जतन व पुनर्वसन म्हणजे जुन्या दगडी, लोखंडी किंवा पोलादी पुलांचे मूळ स्वरूप शक्य तितके कायम ठेवून ते सुरक्षित वापरासाठी सक्षम करणे होय. स्थापत्य अभियांत्रिकी, वारसा संवर्धन व वाहतूक नियोजन या तिन्ही क्षेत्रांशी हा विषय संबंधित आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या व विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले अनेक पूल बैलगाड्या, हलकी वाहने किंवा तत्कालीन रेल्वेगाड्या विचारात घेऊन रचलेले होते. आजच्या अवजड मालमोटारींचा भार व रहदारीचे प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. पुलाची अरुंद रुंदी, पुराच्या प्रवाहाने पायाजवळील तळ खरवडला जाणे, दगडी सांध्यांत वाढणारी झाडे आणि लोखंडाला चढणारा गंज यांमुळेही अशा पुलांना धोका पोहोचतो.

पद्धती

पुनर्वसनापूर्वी पुलाची संरचनात्मक तपासणी व भारक्षमतेची चाचणी केली जाते. नदीवरील पुलाच्या बाबतीत पाण्याखालील पायाची पाहणी विशेष महत्त्वाची असते, कारण वरून भक्कम दिसणाऱ्या कमानीचा पाया पोकळ झालेला असू शकतो. दगडी पुलांचे सांधे शक्यतो मूळ प्रकारच्या चुन्याने भरले जातात. कठीण सिमेंटमुळे आतील ओलावा अडकून दगडाची झीज वाढते. लोखंडी पुलांचे गंजलेले भाग बदलून त्यांना संरक्षक रंग दिला जातो.

वाहतुकीच्या दृष्टीने प्रामुख्याने तीन पर्याय असतात : वजनमर्यादा घालून पूल वापरात ठेवणे, शेजारी नवा पूल बांधून त्याचा भार हलका करणे किंवा तो केवळ पादचाऱ्यांसाठी राखणे.

उदाहरणे

इंग्लंडमधील सेव्हर्न नदीवरील आयर्न ब्रिज हा १७७९ साली उभारलेला ओतीव लोखंडाचा पूल १९३४ मध्ये वाहनांसाठी बंद करण्यात आला. काठ आत सरकत असल्याने १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी दोन्ही आधारांदरम्यान काँक्रीटचा अडसर बांधण्यात आला. आज हा पूल पादचाऱ्यांसाठी खुला आहे.

भरूच येथील नर्मदेवरील गोल्डन ब्रिज १८८१ मध्ये रेल्वेसाठी पूर्ण झाला. १९३५ मध्ये रेल्वेचा नवा पूल झाल्यानंतर तो पुढे रस्ते वाहतुकीसाठी वापरला गेला. २०२१ मध्ये शेजारी नर्मदा मैया पूल सुरू झाल्याने त्याच्यावरील वाहनांचा भार संपला.

महाराष्ट्रात महाडजवळील सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. एसटीच्या दोन बसगाड्यांसह काही वाहने नदीत पडून अनेक प्रवाशांचा मृत्यू झाला. शेजारी नवा पूल असूनही एका दिशेची वाहतूक जुन्या पुलावरूनच सुरू होती. त्या जागी उभारलेला नवीन पूल २०१७ मध्ये खुला झाला. या दुर्घटनेनंतर राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. पर्यायी पूल उपलब्ध असणे पुरेसे नसून जुन्या पुलाची नियमित तपासणी व पूरकाळात वेळीच वाहतूक थांबवणे तितकेच आवश्यक असते, हे या घटनेतून दिसून आले.