हेल्मेटची काच : पावसाळी निगा

दुचाकीस्वाराच्या हेल्मेटला डोळ्यांपुढे बसवलेले पारदर्शक आवरण, म्हणजे व्हायजर किंवा रोजच्या बोलण्यातली काच, पावसात आणि दमट हवेत स्वच्छ दिसेल अशी राखण्याची रीत. पावसात ही काच दोन वेगवेगळ्या पाण्यांनी आंधळी होते. बाहेरून पावसाचे थेंब आणि पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेले गढूळ, तेलकट पाणी. आतून स्वाराच्या श्वासाची वाफ. या दोन पाण्यांवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. बाहेरच्या बाजूला पाणी टिकू नये, घरंगळून निघून जावे. आतल्या बाजूला त्याने थेंब न धरता पातळ थर होऊन पसरावे. दोन्ही बाजूंना एकच औषध फासणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि काही केल्या उपयोग होत नाही या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटामुळे हा प्रश्न तीव्र झाला. त्याआधीचे मोटारसायकलस्वार उघड्या चेहऱ्यावर गॉगल लावत. अमेरिकेतील बेल कंपनीचे ‘स्टार’ हे हनुवटीपर्यंत बंद हेल्मेट १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि स्वाराचे नाक, तोंड व डोळे एकाच बंद पोकळीत आले. हनुवटी उघडी ठेवणाऱ्या, स्कूटरवर जास्त दिसणाऱ्या हेल्मेटात वाफ खालून निघून जाते, पण पाऊसही त्याच वाटेने आत येतो. शिवाय अपघातात जबड्याला संरक्षण राहत नाही.

काचेचे द्रव्य : ही काच बहुधा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. ते आघाताने सहसा फुटत नाही, पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि ओरखडे लवकर पडतात. म्हणून चांगल्या काचेवर कठीण लेप दिलेला असतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य आणि अमोनिया असलेले खिडक्या पुसण्याचे द्रव यांनी लेप खराब होतो, प्लॅस्टिकला बारीक तडे जातात आणि काच कायमची धुरकट होते. टूथपेस्टने काच चकचकीत करण्याचा घरगुती सल्ला सरसकट दिला जातो. तो ऐकू नये. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते आणि ती लेपच खरवडते.

आतली वाफ : माणसाचा उच्छ्वास सुमारे ३४ अंश सेल्सिअसचा आणि पाण्याच्या वाफेने जवळजवळ संपृक्त असतो. जुलै महिन्यात सह्याद्रीच्या माथ्यावर हवा २० अंशांच्या आसपास असते आणि वरून पाऊस काचेला आणखी थंड करत राहतो. उबदार वाफ त्या थंड पृष्ठभागाला लागली की तिचे पाणी होते. पॉलिकार्बोनेटवर पाणी आपणहून पसरत नाही. पृष्ठताणामुळे त्याचे डोळ्यांना सुटे न दिसणारे असंख्य थेंब बनतात. प्रत्येक थेंब प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो, म्हणून काच काळी न पडता पांढरी होते. सिग्नलला गाडी थांबली की वारा थांबतो आणि चार-सहा श्वासांत समोरचे सगळे पुसले जाते, हा पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक स्वाराचा अनुभव आहे.

पहिला उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे श्वास काचेपर्यंत जाऊ न देणे. नाकाने श्वास घेऊन तो खाली, छातीकडे सोडावा. हनुवटीजवळची आणि डोक्यावरची झडप उघडी ठेवावी. पावसाच्या भीतीने दोन्ही बंद केल्या की आतली ओल अडकते. नाकावरचा रबरी पडदा हेल्मेटाबरोबर आलेला असेल तर तो बसवावा. सुटा पडलेला हा भाग अनेक घरांत हेल्मेटाच्या खोक्यातच राहतो. चेहऱ्याला रुमाल किंवा स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घालण्याची शहरांतली सवय इथे आड येते. कापड श्वासाला पुढे जाऊ देत नाही, तो गालांवरून वर, थेट डोळ्यांकडे वळतो. चष्मा असेल तर आधी चष्मा आंधळा होतो, मग काच. रेनकोटची कॉलर गळ्याशी घट्ट बंद केली की अंगाचा घाम आणि ऊब गळ्याजवळून वर हेल्मेटात शिरते. एक बटण सैल ठेवले तरी फरक पडतो. हेल्मेटातले ओले अस्तर हा वाफेचा आणखी एक साठा. रात्री ओल्या रेनकोटासोबत डिकीत कोंबलेले हेल्मेट सकाळी पहिल्या श्वासाला वाफ धरते. अस्तर निघत असेल तर काढून पंख्याखाली वाळवावे.

दुसरा उपाय पृष्ठभाग बदलण्याचा. साबण, शाम्पू किंवा भांडी घासायचे लिक्विड यांत पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांचा पातळ थर असला की वाफेचे पाणी थेंब न धरता सपाट पसरते आणि आरपार दिसते. रीत अशी : काच धुऊन कोरडी करावी. लिक्विडचा एकच थेंब बोटावर घेऊन आतल्या बाजूला सर्वत्र फिरवावा, वाळू द्यावा आणि कोरड्या, मऊ कापडाने तो दिसेनासा होईपर्यंत हलक्या हाताने पुसावा. पाण्याने धुऊ नये. दाढीच्या फेसानेही हेच साधते. हा थर एक-दोन दिवस पुरतो. मग पुन्हा लावायचा. विकत मिळणारी वाफरोधक फवारणी याच तत्त्वावर चालते, फक्त जास्त टिकते.

या साध्या साबणामागे अवकाशप्रवासाचा इतिहास आहे. जून १९६६ मध्ये जेमिनी ९-ए यानातून बाहेर पडलेल्या यूजीन सर्नन या अमेरिकी अंतराळवीराच्या हेल्मेटाची काच घामाच्या वाफेने इतकी माखली की त्याला समोरचे दिसेना. त्याने नाक घासून काचेत जेमतेम एक भोक मोकळे केले आणि ठरलेले काम सोडून त्याला आत परतावे लागले. त्यानंतरच्या जेमिनी मोहिमांत काचेला आतून वाफरोधक द्रावण लावले जाऊ लागले. पुढे एप्रिल २००१ मध्ये कॅनडाचा अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड अवकाशात काम करत असताना असेच द्रावण त्याच्या डोळ्यांत गेले आणि काही काळ त्याला काही दिसत नव्हते. दुचाकीस्वारासाठी यातली उपयोगाची गोष्ट इतकीच : साबण लावला तर तो पूर्ण पुसावा. जाड थर राहिला आणि पावसाचे पाणी आत झिरपले, तर तो साबण ओघळून डोळ्यांत उतरतो आणि चालत्या गाडीवर डोळे चुरचुरतात.

दुहेरी काच : आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे काचेला आतून बसवायचा दुसरा पारदर्शक पडदा. नेदरलँड्समधील पिनलॉक कंपनीमुळे तो याच नावाने ओळखला जातो. काचेच्या दोन कडांना दोन खुंट्या असतात. पडदा त्यांच्यामध्ये ताणून बसतो आणि त्याच्या कडेने फिरणारी सिलिकॉनची बारीक किनार मधली हवा कोंडून ठेवते. ही कोंडलेली हवा बाहेरची थंडी आतल्या पडद्यापर्यंत पोचू देत नाही, आणि पडद्याचे द्रव्य स्वतः ओल शोषते. त्यावर लिहिलेला ७० किंवा १२० हा आकडा जितका मोठा, तितका वेळ तो वाफ थोपवतो. किनार सर्व बाजूंनी टेकलेली हवी. एका जागी जरी फट राहिली तरी दोन थरांच्या मध्ये वाफ जमते आणि ती चालत्या गाडीवर पुसता येत नाही. खुंट्यांचा आस त्यांच्या मध्यापासून थोडा बाजूला असतो. त्या थोड्या फिरवल्या की ताण वाढतो आणि फट मिटते. पडदा ओरखड्यांना फार नाजूक असतो, म्हणून तो फक्त ओल्या मऊ कापडाने टिपावा. त्यावर साबण किंवा फवारणी मारू नये. रात्री समोरच्या दिव्यांची फिकट दुसरी प्रतिमा दिसते, हा त्याचा दोष, पण पांढऱ्या काचेपेक्षा तो केव्हाही परवडतो. असा पडदा घेता येईल अशी काच आता भारतीय कंपन्यांच्या वरच्या किमतीच्या हेल्मेटांतही मिळते. नवे हेल्मेट घेताना खुंट्या आहेत का, हे दुकानातच पाहावे. चष्म्यावर धरणारी वाफ मात्र पिनलॉकने थांबत नाही. चष्म्याला वेगळे द्रव लावावे लागते.

बाहेरचे पाणी : वेग असेल तर वारा थेंब उडवतो. शहरातल्या ३०-४० किलोमीटरच्या चालीत तो पुरत नाही आणि थेंब जागीच थरथरत राहतात. मान थोडी डावी-उजवीकडे वळवली की वारा तिरका लागतो आणि थेंब कडेने निघून जातात. पाणी न ठरू देणारा मेणाचा किंवा सिलिकॉनचा लेप बाहेरून लावला तर हे फारच सोपे होते. मात्र मोटारीच्या पुढच्या काचेसाठीची द्रव्ये प्लॅस्टिकला चालतीलच असे नाही. बाटलीवर प्लॅस्टिकसाठी असे लिहिलेले पाहूनच घ्यावी. काच तळहाताने पुसणे वाईट, कारण हाताचे तेल पसरते आणि प्रत्येक दिव्याला शेपूट फुटते. युरोपात डाव्या हातमोज्याच्या बोटावर रबराची पट्टी शिवलेली मिळते. उजवा हात थ्रॉटलवर असल्याने पुसायला डावाच मोकळा असतो. काचेच्या वरच्या कडेला टेकणारी रबरी पट्टी कडक झाली की पाणी आतल्या बाजूने ओघळते, आणि मग कितीही लेप लावले तरी भागत नाही. स्वस्त हेल्मेटांत ही पट्टी मुळातच नसते.

धुताना घाई करू नये. वाळलेला चिखल म्हणजे दगडाची पूडच. कोरड्या फडक्याने पुसला की ती काचेवर रेघा ओढते. ओले सुती कापड काचेवर पाच-दहा मिनिटे पसरून ठेवावे, चिखल आणि चिकटलेले किडे भिजू द्यावेत, मग कोमट पाणी व सौम्य साबणाने वरून खाली धुऊन स्वच्छ मऊ कापडाने टिपावे. पेट्रोल पंपावरचे फडके या कामाला कधीही घेऊ नये.

घाटातला पाऊस : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने स्वारांना बोरघाटातला जुना रस्ताच घ्यावा लागतो. तिथे, आणि ताम्हिणी, आंबोलीसारख्या घाटांत, स्वार ढगाच्या आतूनच जातो. ढगाचे बारीक थेंब बाहेरून काचेला चिकटतात, वाऱ्याने उडण्याइतके मोठे होत नाहीत, आणि त्याच वेळी आतून वाफ धरलेली असते. लोक वैतागून काच पूर्ण वर करतात. मुसळधार पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने पडतो. गाडी ६० वर असेल तर तो ६५ हून अधिक वेगाने डोळ्यावर आदळतो. पापणी मिटणारच, आणि त्या वेगाने एका सेकंदात गाडी सोळा मीटरहून पुढे गेलेली असते. म्हणून काच फक्त पहिल्या खाचेपर्यंत, बोटभर उघडावी. तेवढ्या फटीतून वाफ जाते, डोळे झाकलेले राहतात. तरीही दिसत नसेल तर वेग कमी करून पहिल्या टपरीशी किंवा पंपाशी रस्त्याबाहेर थांबावे; वळणावर कडेला गाडी उभी करू नये, कारण मागच्या ट्रकवाल्यालाही त्या ढगात काही दिसत नसते.

पावसात काळी किंवा इंद्रधनुषी रंगाची काच वापरू नये, आणि आतला उन्हाचा गॉगल वरच ठेवावा. युरोपच्या जुन्या ईसीई २२.०५ मानकात साध्या काचेतून किमान ८० टक्के प्रकाश आरपार जावा अशी अट होती. त्याहून गडद काचेवर फक्त दिवसा वापरण्याची खूण सक्तीची होती. ओरखडलेल्या काचेवर कुठलाही लेप उपयोगी पडत नाही. दिवसा न जाणवणारे ओरखडे रात्री पावसात समोरच्या दिव्याने उजळतात आणि रस्ताच दिसेनासा होतो. सुटी काच हेल्मेटाच्या किमतीच्या मानाने स्वस्त मिळते आणि बदलायला पाच मिनिटेही लागत नाहीत. गेल्या वर्षीची काच संध्याकाळी एखाद्या दिव्यासमोर धरून पाहा. दिव्याभोवती जाळे दिसले, तर मिरग लागण्याआधी नवी, रंग नसलेली काच बसवून घ्या.