ग्रीन दाम्पत्य : ओहायो नदीवरील कप्तानांचे घराणे

अमेरिकेतील ओहायो नदीवर सुमारे सात दशके आगबोटींचा व्यवसाय करणारे घराणे म्हणून ग्रीन घराणे ओळखले जाते. या घराण्याच्या इतिहासात कप्तान गॉर्डन ग्रीन यांच्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व त्यांच्या पत्नी कप्तान मेरी बेकर ग्रीन यांना आहे.

पिट्सबर्गपासून केरोपर्यंत ९८१ मैल वाहणारी ओहायो नदी त्या काळी बेभरवशाची होती. उन्हाळ्यात पाणी आटे, वाळूचे पट्टे जागा बदलत, हिवाळ्यात बर्फ अडसर ठरे. बाष्पकांच्या स्फोटांनी शेकडो प्रवासी दगावल्यानंतर १८५२ च्या कायद्याने पायलटांना आणि १८७१ च्या कायद्याने कप्तानांनाही परवाना सक्तीचा झाला. पायलटाला नदीचे प्रत्येक वळण रात्रीच्या अंधारातही ओळखता यावे लागे, तर बोट, माल, खलाशी आणि प्रवासी या साऱ्यांची जबाबदारी कप्तानावर असे.

मेरी यांचा जन्म ओहायो राज्यातील मॅरिएटा परिसरातला. १८९० मध्ये त्यांचा गॉर्डन यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी गॉर्डन यांनी ‘एच. के. बेडफर्ड’ ही आगबोट घेऊन स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पुढे ‘ग्रीन लाइन’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीची ही सुरुवात होय. नवविवाहितेचा संसारही बोटीवरच थाटला गेला. पतीजवळ बसून मेरी नदी शिकल्या. १८९६ मध्ये त्यांनी पायलटचा आणि १८९७ मध्ये कप्तानाचा परवाना मिळविला.

त्यांच्यापूर्वी, १८८४ मध्ये, लुइव्हिलच्या मेरी मिलर यांना कप्तानाचा परवाना मिळाला होता. मिलर यांचे पतीही बोटीचेच पायलट होते. या दोन्ही स्त्रियांची वाट घरच्या व्यवसायातून निघाली. ग्रीन कुटुंबाला तर या परवान्याचा रोकडा लाभ झाला. एका बोटीवर पती आणि दुसरीवर पत्नी कप्तान असल्याने कुटुंबाला व्यवसाय वाढविता आला. सेंट लुइस येथे १९०४ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी मेरी यांनी ‘ग्रीनलँड’ ही बोट तेथवर नेली. त्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव टॉम यांचा जन्म याच बोटीवर झाला. त्यांच्या तीन मुलांपैकी एक बालपणीच दगावला. ख्रिस व टॉम हे दोघे पुढे कप्तान झाले.

१९२७ मध्ये गॉर्डन यांचे निधन झाले. रेल्वेपाठोपाठ आलेल्या मोटारट्रकांनी नदीवरची मालवाहतूक हिरावून घेण्यास सुरुवात केली होती. अनेक जुन्या कंपन्या बुडाल्या. मेरी आणि त्यांच्या मुलांनी मात्र पर्यटनाकडे मोर्चा वळविला. १९३५ मध्ये एक जुनी बोट विकत घेऊन तिला ‘गॉर्डन सी. ग्रीन’ असे नाव देण्यात आले. ‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या चित्रपटातही ही बोट दिसते. तिच्यावर मेरी पाहुण्यांची जातीने विचारपूस करीत.

१९४४ मध्ये ख्रिस यांचे निधन झाले. १९४६ मध्ये टॉम यांनी कॅलिफोर्नियातील ‘डेल्टा क्वीन’ ही बोट सरकारी लिलावात ४६,२५० डॉलरला विकत घेतली. नदीसाठी बांधलेली ही बोट १९४७ मध्ये लाकडी फळ्यांनी झाकून, समुद्रमार्गे पनामा कालव्यातून ओढून न्यू ऑर्लीन्सला आणण्यात आली. डागडुजीनंतर १९४८ मध्ये तिच्या सफरी सुरू झाल्या. मेरी याच बोटीवर राहू लागल्या आणि २२ एप्रिल १९४९ रोजी तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. पुढच्याच वर्षी टॉमही गेले.

आता कर्जाचा बोजा आणि कंपनी या दोन्हींची धुरा टॉम यांच्या पत्नी लेथा यांच्यावर येऊन पडली. सासूप्रमाणे त्या कप्तान नव्हत्या, तरीही त्यांनी बोट चालती ठेवली. १९५८ मध्ये कंपनी बंद पडण्याच्या बेतात असताना त्यांनी बाहेरचा भागीदार मिळविला. कंपनीतील मोठा वाटा त्याच्याकडे गेला, पण बोट वाचली. घराण्याची ही कहाणी लेथा यांनीच १९७३ मध्ये पुस्तकरूपाने लिहिली.

लाकडी वरच्या बांधणीमुळे १९६६ च्या सुरक्षा कायद्यात न बसणारी ‘डेल्टा क्वीन’ अमेरिकी काँग्रेसने वेळोवेळी दिलेल्या सवलतींवर २००८ पर्यंत प्रवासी नेत राहिली. १९८९ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून घोषित झाली. पुढे काही वर्षे चॅटनूगा येथे तरंगते हॉटेल म्हणून वापरल्यानंतर २०१५ मध्ये तिला लुइझियानातील हूमा येथे हलविण्यात आले.

ग्रीन घराण्यात कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर दोनदा व्यवसाय संपण्याची वेळ आली आणि दोन्ही वेळा घरच्या स्त्रीने तो सावरला. मेरी यांना ‘पहिल्या महिला कप्तानांपैकी एक’ म्हणून गौरविताना हे योगदानही ध्यानात घ्यावे लागते.