दिनविशेष : हवाईच्या गळ्यात जपानी गाणे

१ ऑक्टोबर १९६९. हवाईहून जपानमध्ये आलेल्या बेट्सी आणि क्रिस या दोन अमेरिकन तरुणींची पहिली तबकडी या दिवशी निप्पॉन कोलंबियाने बाजारात आणली. गाण्याचे नाव ‘शिरोई इरो वा कोइबितो नो इरो’, म्हणजे पांढरा रंग हा प्रिय व्यक्तीचा रंग. ते जपानभर गाजले.

परदेशी कलावंताने जपानीत गाणे नवे नव्हते. वेगळेपण होते ते साधेपणात: तार छेडत जाणारी साधी लाकडी गिटार आणि एकमेकांना बिलगून चालणारे दोन आवाज. पाश्चात्त्य लोकगीताची ही धाटणी जपानी तरुण तोवर अमेरिकन तबकड्यांवरून उचलत होते. इथे वाट उलटी झाली. कंठ अमेरिकन, पण शब्द ओसामु कितायामा यांचे आणि चाल काझुहिको कातो यांची. दोघेही ‘फोक क्रुसेडर्स’ या गाजलेल्या चमूतले. कितायामा तर तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी होते, पुढे ते मनोविश्लेषक झाले. कवी, संगीतकार, गायक अशी ही वाटणी मराठी भावगीताच्या श्रोत्याला अगदी ओळखीची वाटेल. (योगायोग असा, की त्याच दिवशी ग. दि. माडगूळकरांनी पन्नाशी गाठली होती.)

जोडी काही वर्षांतच थांबली. हे गाणे मात्र त्या काळच्या जपानी लोकगीतांच्या संग्रहांत टिकून आहे, आणि पुढच्या गायकांनीही ते पुन्हा गायले आहे.