पेन्सिलीमागचं खोडरबर आणि टीव्हीमागच्या वायरी

आमच्या मंडळात मी ‘डिस्प्लेवाला’ म्हणून ओळखला जातो. नोकरीची सगळी वर्षं स्क्रीन आणि त्यांच्या सर्किटांत गेली, त्यामुळे कुणाकडे नवा टीव्ही आला की कुठली वायर कुठल्या भोकात, हे विचारायला फोन मला येतो. वायर जागेवर बसली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “ते सगळं ठीक आहे हो, पण चार वायरी एका डब्यात खुपसायचं पेटंट कसं मिळतं लोकांना? यात नवीन ते काय?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ‘यात नवीन ते काय?’ हाच प्रश्न विचारण्यासाठी अमेरिकेत पगारी माणसं नेमलेली आहेत. त्यांना पेटंट परीक्षक म्हणतात. हा प्रश्न कुणी विचारायचा, कसा विचारायचा आणि उत्तर कशावरून ठरवायचं, याचा इतिहास मोठा रंजक आहे. तो नोकरीच्या निमित्ताने तुकड्या-तुकड्यांनी माझ्या वाचनात आला. तोच इथे जुळवून मांडतो.

अमेरिकेचा पहिला पेटंट कायदा १७९० सालचा. त्या वेळी परीक्षक कोण होते माहीत आहे? परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन, युद्धमंत्री हेन्री नॉक्स आणि ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ! एवढी मोठी माणसं बसून लोकांचे अर्ज तपासत. ३१ जुलै १७९० रोजी पहिलं पेटंट सॅम्युएल हॉपकिन्स यांना मिळालं, पोटॅश बनवण्याच्या पद्धतीसाठी. त्या वर्षात एकूण तीनच पेटंटं निघाली. मंत्र्यांना देश चालवायचा होता, त्यात हे काम कसं निभणार? म्हणून १७९३ मध्ये कायदा बदलला आणि तपासणीच काढून टाकली. फी भरा, कागद द्या, पेटंट घ्या. नवीन आहे की नाही, हे भांडण झालं तर कोर्ट बघेल.

पुढची त्रेचाळीस वर्षं हा कारभार चालला आणि त्यात व्हायचं तेच झालं. एकाच वस्तूची दोघा-तिघांना पेटंटं मिळाली. काही महाभागांनी जुन्याच यंत्रांची पेटंटं काढून गावोगावच्या गिरणीवाल्यांकडून आणि शेतकऱ्यांकडून पैसे उकळले. शेवटी मेन राज्याचे सिनेटर जॉन रगल्स यांनी हे प्रकरण हाती घेतलं आणि ४ जुलै १८३६ रोजी नवा कायदा झाला. स्वतंत्र पेटंट कचेरी आली, अर्ज आधी तपासायचा हे ठरलं आणि त्यासाठी परीक्षक नेमला. सुरुवातीला एकच! पेटंटांना क्रमांकही तेव्हापासूनच पडू लागले. गंमत म्हणजे पेटंट क्रमांक १ मिळालं ते खुद्द रगल्स यांनाच, रेल्वे इंजिनाच्या चाकांसाठी. आणि दुर्दैव असं की त्याच वर्षी १५ डिसेंबरला कचेरीला आग लागली आणि जुने कागद, नमुने जवळजवळ सगळे भस्मसात झाले. ज्या कचेरीचं काम जुनं काय ते आठवून सांगण्याचं, तिची आठवणच जळाली.

पण आपल्या वायरींच्या प्रश्नाला खरी सुरुवात झाली ती एका पेन्सिलीपासून. फिलाडेल्फियाच्या हायमन लिपमन यांनी १८५८ मध्ये पेन्सिलीच्या मागच्या टोकाला खोडरबर बसवून त्याचं पेटंट घेतलं. पुढे ते जोसेफ रेकेनडॉर्फर यांनी विकत घेतलं आणि फेबर कंपनीवर दावा ठोकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८७५ मध्ये निकाल आला: पेटंट रद्द. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. पेन्सिल आधी लिहीत होती, आताही लिहिते. रबर आधी खोडत होतं, आताही खोडतं. दोघं शेजारी राहायला आले म्हणून त्यांच्यातून तिसरं काही निपजलं नाही. एका घरात राहणं वेगळं आणि संसार करणं वेगळं, असं आपण म्हणू! न्यायालयाने एवढ्या खुसखुशीतपणे म्हटलं नव्हतं.

त्याच्याही आधी, १८५१ मध्ये, दाराच्या मुठींचा खटला गाजला होता. मुठीची रचना जुनीच, फक्त धातू-लाकडाऐवजी चिनी मातीची मूठ केली. कोणत्याही बऱ्या कारागिराला सुचेल तेवढंच हे आहे, शोध म्हणायला त्याहून जास्त काही लागतं, असं न्यायालयाने सांगितलं. १९५२ च्या कायद्यात हेच तत्त्व कलम १०३ म्हणून आलं. वस्तू नवी असून भागत नाही, त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला ती सहज सुचणारी नसावी.

आता टीव्हीकडे वळू. सुरुवातीच्या टीव्हीला बाहेरून येणारी वाट एकच होती, ती म्हणजे अँटेनाची. सत्तरच्या दशकात व्हिडिओ गेम आले, व्हीसीआर आले, आणि सगळ्यांना त्याच एका दारातून आत शिरावं लागलं. गेम खेळायचा तर छोट्या डबीवरचा खटका सरकवायचा आणि टीव्ही चॅनेल ३ किंवा ४ वर लावायचा, हे त्या काळी इथे आलेल्या मंडळींना आठवत असेल. पुढे पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरींची भोकं आली, १९८७ मध्ये आयबीएमचं व्हीजीए आलं, १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय. स्क्रीन एक आणि दारं सहा, अशी अवस्था झाली.

आपल्या लोकांची अडचण तर आणखी वेगळी. इथला टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रं. भारतातला पाल पद्धतीचा, ६२५ ओळी आणि ५० अर्धचित्रं. पुण्याहून बहिणीच्या लग्नाची कॅसेट यायची, आकार तोच, व्हीसीआरमध्ये बसायचीही, पण चित्र मात्र गडबडायचं. म्हणून कित्येक देशी घरांत ‘मल्टिसिस्टिम’ व्हीसीआर आणि टीव्ही मुद्दाम घेतले गेले. आत आलेला सिग्नल कोणत्या जातीचा आहे हे ओळखून स्क्रीनने स्वतःला त्याप्रमाणे बदलायचं, ही कल्पना आपण रोज वापरत होतो. पुढे तीच कल्पना मॉनिटरमध्ये सर्रास झाली.

आता परीक्षकाच्या टेबलावर अर्ज येतो असं समजा: ‘अनेक व्हिडिओ इनपुट सांभाळणारं डिस्प्ले उपकरण’. अर्जात वर्णन असतं, आकृत्या असतात, पण खरा जीव असतो शेवटच्या दाव्यांत. दावा म्हणजे जमिनीचं कुंपण. दाव्यात लिहिलेलं असतं, की या उपकरणाला एकाहून अधिक इनपुट आहेत, कोणत्या इनपुटावर सिग्नल आहे हे ओळखणारा भाग आहे, त्यातून एक निवडणारा भाग आहे, आणि प्रत्येक इनपुटासाठी उजेड-रंगाची मांडणी लक्षात ठेवणारी मेमरी आहे. परीक्षक शोधाला बसतो. पूर्वी हा शोध लाकडी कप्प्यांतल्या कागदी गठ्ठ्यांत चाले, त्या कप्प्यांना कचेरीत ‘शू’ म्हणत. त्यातही मेख अशी की टीव्ही ३४८ क्रमांकाच्या वर्गात आणि संगणकाचे डिस्प्ले ३४५ मध्ये. टीव्हीवाल्यांनी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली युक्ती मॉनिटरच्या कप्प्यात सापडायचीच नाही. दोन्हीकडे हात घालेल तोच खरा परीक्षक. १९९० च्या दशकापासून संगणकावर शोध सुरू झाला आणि २०१३ पासून युरोपबरोबर सामाईक वर्गीकरण आलं, पण कुठे शोधायचं हे अजूनही माणसाच्या अनुभवावर आहे. आणि हे सगळं करायला एका अर्जामागे सरासरी वीसेक तासच मिळतात.

परीक्षकाला एका जुन्या पेटंटात सिग्नल ओळखणं-निवडणं सापडतं, दुसऱ्यात मेमरी. तो लिहितो, दोन्ही एकत्र करणं जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे, दावा नामंजूर. हा नकार म्हणजे शेवट नव्हे. अर्जदार वकिलामार्फत उत्तर देतो, कुंपण थोडं आत घेतो, पुन्हा पत्र येतं. अशा दोन-चार फेऱ्या नेहमीच्याच.

मग टीव्हीमागच्या वायरी म्हणजे पेन्सिलीमागचं रबरच का? नुसता खटका असेल, हे बंद करून ते चालू, तर बहुधा हो. पण दोन चित्रं एकाच वेळी शेजारी-शेजारी दाखवायची म्हटलं की मामला बदलतो. दोन यंत्रांची घड्याळं वेगळी असतात. तबला आणि पेटी वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवावी तसं ते चालतं. एका चित्राची सुरुवात दुसऱ्याच्या मध्यावर येते. म्हणून येणारं चित्र त्याच्या लयीत मेमरीत लिहून घ्यायचं आणि स्क्रीनच्या लयीत वाचायचं. ही मेमरी ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली, तेव्हाच चित्रात-चित्र दाखवणारे टीव्ही घरात येऊ लागले. इथे भाग एकमेकांवर परिणाम करतात, संसार सुरू होतो. ही युक्ती आधी कुणी काढली असेल तर तिचंही पेटंट पुन्हा मिळणार नाही, पण तिच्यातल्या एखाद्या खऱ्या अडचणीवर नवा तोडगा असेल तर मिळू शकतं.

अडचण एवढीच, की उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं. या पश्चातबुद्धीपासून अर्जदाराला वाचवण्यासाठी खालच्या न्यायालयांनी एक कडक कसोटी लावली होती. जुने भाग जोडावेत असं कुठे सुचवलेलं होतं, ते आधी दाखवा. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सैल केली. वाद होता मोटारीच्या पायपट्टीला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा. न्यायालय एकमताने म्हणालं, जाणकार माणूस म्हणजे यंत्र नव्हे, त्यालाही थोडी कल्पकता असते, आणि ओळखीचे भाग ओळखीच्या कामासाठी जोडणं बहुधा उघडच असतं. त्यानंतर आमच्या क्षेत्रातल्या ‘जुनं अधिक जुनं’ अर्जांना चाप बसला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. परीक्षक जुनं शोधतो ते कागदावर. २०१३ पर्यंत अमेरिकेच्या कायद्यात एक विचित्र कलम होतं. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा वापरात असेल तर ती जुनी. पण परदेशात असेल तर नुसता वापर पुरेसा नाही, ती छापलेली किंवा पेटंट झालेली हवी. म्हणजे समजा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या कारागिराने पाल आणि एनटीएससी दोन्ही ओळखणारं सर्किट जुळवून शेकडो लोकांना विकलं असतं, तरी छापील पुरावा नसताना इथल्या परीक्षकाच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

हळदीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्या आज्ज्यांचा अनुभव पुरावा म्हणून चालणार नव्हता. भारताच्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, फेरतपासणीचा अर्ज केला आणि ३२ लेखी संदर्भ जोडले. त्यात १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये कचेरीने दावे नामंजूर केले. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने लढाई जिंकली ती कागदाने. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, संस्कृत, अरबी, उर्दू, फारसी, तमिळ ग्रंथांतलं ज्ञान परीक्षकांना वाचता येईल अशा पाच भाषांत उतरवलं गेलं आणि २००९ मध्ये युरोपच्या आणि अमेरिकेच्या कचेऱ्यांना तो खुला झाला. १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांसाठी इथला कायदाही बदलला. जगात कुठेही लोकांसाठी उपलब्ध असलेली गोष्ट आता जुनी धरली जाते. तरीही ते दाखवून द्यायला पुरावा लागतोच.

पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची मक्तेदारी. चुकीच्या माणसाला मिळाली तर प्रत्येक स्वस्त मॉनिटरच्या किमतीत तिचे पैसे आपण भरतो. खऱ्या संशोधकाला नाकारली तर गॅरेजमध्ये रात्री जागून काम करणाऱ्या आपल्याच एखाद्या मुलीचं नुकसान होतं. या दोन्हींच्या मध्ये वीस तास घेऊन एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्याजवळ आपण लिहून ठेवलेल्या शब्दांशिवाय दुसरं काही नसतं. म्हणून आपल्या इंजिनियर मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे. जे कराल ते तारीख घालून लिहा, आणि पेटंट घ्यायचं नसेल तर छापून मोकळे व्हा. छापलेली युक्ती सगळ्यांची होते, मग तिच्याभोवती कुंपण घालायला कुणी आलं तर परीक्षकाला दाखवायला कागद असतो.