मोटारगाड्यांची उत्सर्जन-तपासणी व दोषनिदान

मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या अपायकारक वायूंचे प्रमाण कायद्याने ठरविलेल्या मर्यादेत आहे की नाही, हे ठराविक काळाने पाहण्याच्या व्यवस्थेस उत्सर्जन-तपासणी म्हणतात. मर्यादा ओलांडली जाण्याचे कारण शोधून काढणे म्हणजे दोषनिदान होय. तपासणीचा उद्देश दोष दुरुस्त व्हावा हा असतो; मालकाची तातडीची गरज मात्र त्या दिवशी प्रमाणपत्र मिळविणे ही असते. या दोहोंमधील अंतर कमी करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून तपासणीच्या पद्धती घडत गेल्या. ही व्यवस्था अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, फार तपशिलाने विकसित झाली. म्हणून येथे मुख्यतः तेथील घडामोडींचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी : १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस अँजेल्स शहरावर डोळ्यांना झोंबणारे दाट धुरके पसरले. प्रथम कृत्रिम रबराशी संबंधित एका कारखान्यावर संशय घेण्यात आला. परंतु तेथील काम थांबविल्यावरही धुरके येतच राहिले. १९५० नंतरच्या काही वर्षांत आरी यान हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात, असे त्यांनी दाखविले. या दोन्ही प्रकारच्या वायूंचा एक मोठा उगम मोटारगाड्या हा होता.

त्यानंतर कॅलिफोर्नियात १९६१ च्या सुमारास नव्या गाड्यांत एंजिनाच्या पेटीत झिरपणारे वायू पुन्हा सिलिंडरात नेणारी झडप बसू लागली. १९६६ सालच्या गाड्यांपासून तेथे निष्कास वायूंवर मर्यादा आली. १९७० च्या संघीय कायद्याने प्रमुख प्रदूषकांत सुमारे ९० टक्के घट करण्याचे बंधन कारखानदारांवर घातले. परंतु नवी गाडी निर्दोष असली, तरी वापराने ती बिघडते. त्यामुळे रस्त्यावरील गाड्यांच्या तपासणीची गरज भासू लागली. न्यू जर्सी राज्याने १९७४ मध्ये अशी तपासणी सक्तीची केली. १९७७ च्या कायदादुरुस्तीने अतिप्रदूषित प्रदेशांतील राज्यांना तपासणीची योजना आखणे भाग पाडले. कॅलिफोर्नियाची ‘स्मॉग चेक’ ही योजना १९८४ मध्ये सुरू झाली.

वायुमापनावरून निदान : प्रारंभीच्या चाचणीत गाडी उभी ठेवून, एंजिन निर्भार अवस्थेत चालू असताना, निष्कास नळीत शोधक नळी घालून वायूंचे मापन करीत. कुशल कारागिराला त्या आकड्यांवरून दोषाचे स्थान ताडता येई. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग इंधनास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अशा वेळी कार्ब्युरेटरची जुळणी, चोक किंवा मळलेली हवा-गाळणी तपासावी लागे. हायड्रोकार्बनांचे प्रमाण फार वाढले, तर एखाद्या सिलिंडरातील इंधन न पेटताच बाहेर पडत असल्याचा संभव असे. तेव्हा स्पार्क प्लग, त्याची तार किंवा गळकी झडप यांकडे पाहावे लागे. नायट्रोजनाची ऑक्साइडे मात्र ज्वलनाचे तापमान वाढल्याने निर्माण होतात. निष्कास वायूंचा काही अंश पुन्हा सिलिंडरात सोडणारी झडप काजळीने अडली, की ती वाढतात.

या चाचणीत मोठी पळवाट होती. कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा पिळून मिश्रण विरळ केले, की गाडी चाचणीपुरती उत्तीर्ण होई; नंतर स्क्रू पूर्ववत केला जाई. शिवाय नायट्रोजनाची ऑक्साइडे एंजिनावर भार असतानाच लक्षणीय प्रमाणात निर्माण होत असल्याने ती या चाचणीत दिसतच नसत.

उत्प्रेरकी परिवर्तक : १९७५ सालच्या बहुसंख्य अमेरिकी गाड्यांत निष्कास मार्गावर प्लॅटिनम व पॅलॅडियम यांचा लेप असलेला परिवर्तक बसविण्यात आला. शिशामुळे हा उत्प्रेरक निष्क्रिय होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले आणि अशा गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवण्यात आले. स्वस्त पेट्रोल भरता यावे म्हणून अनेकांनी ते तोंड फोडून मोठे केले. परिणामी तपासनिसांना टाकीचे तोंड पाहणे व निष्कास नळीत शिशाचा अंश आहे का, हे रंग बदलणाऱ्या कागदाने तपासणे, ही कामेही करावी लागली.

व्होल्व्हो कंपनीने १९७७ सालच्या आपल्या कॅलिफोर्नियातील गाड्यांत ऑक्सिजन-संवेदक व त्रिमार्गी परिवर्तक यांची जोडी वापरली. संवेदकाच्या विद्युत् संकेतानुसार इंधनाचे प्रमाण सतत बदलून तिन्ही प्रदूषक एकाच वेळी कमी करणे यामुळे शक्य झाले. दोषनिदानाचे स्वरूपही पालटले. दोष आता केवळ यांत्रिक राहिला नाही. संवेदकाच्या चुकीच्या संकेतामुळे धडधाकट एंजिनही प्रदूषण करू लागे.

भाराखालील चाचणी : १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर गाडीची चाके रुळांवर फिरवून, २४० सेकंदांच्या ठराविक वेगक्रमात वायू मोजण्याची पद्धत पुढे आली. याच सुमारास दुरुस्ती करणाऱ्यानेच तपासणी करावी का, हा प्रश्नही तीव्र झाला. कारण ग्राहक गमावण्याच्या भीतीने प्रमाणपत्र देण्याचा मोह तेथे संभवतो. कॅलिफोर्नियाने काही गाड्यांसाठी ‘फक्त तपासणी’ करणारी केंद्रे निर्माण केली. कार्बन मोनॉक्साइडचा सुमारे निम्मा भाग थोड्याच, अतिशय बिघडलेल्या गाड्यांतून येतो, असे रस्त्याकडेच्या दूरमापनातून आढळले होते. त्यामुळे अशी एक गाडी दुरुस्त न होता सुटणे ही किरकोळ बाब नव्हती.

अंतःस्थ निदानव्यवस्था : कॅलिफोर्नियाने १९८८ सालच्या गाड्यांपासून गाडीतच दोष ओळखणारी व्यवस्था आवश्यक केली. तिची प्रमाणित दुसरी आवृत्ती १९९६ सालच्या गाड्यांपासून सर्व देशात लागू झाली. उत्सर्जन प्रमाणाच्या साधारण दीडपट होण्याइतका बिघड झाल्यास चालकासमोर सूचक दिवा लागतो व सांकेतिक क्रमांक स्मृतीत नोंदला जातो. उदा., पी ०३०० हा अनियमित प्रज्वलनाचा, तर पी ०४२० हा परिवर्तकाची क्षमता घटल्याचा निदर्शक आहे. हा क्रमांक लक्षण सांगतो, कारण नव्हे. पी ०४२० दिसताच महागडा परिवर्तक बदलणे ही नेहमीची चूक असते. निष्कास नळीची गळती, मंदावलेला संवेदक किंवा प्रज्वलनातील जुना दोष यांची तपासणी आधी करणे इष्ट ठरते.

बॅटरी सोडवून वा उपकरणाने नोंद पुसून दिवा विझविण्याची युक्ती लवकरच रूढ झाली. परंतु व्यवस्थेच्या रचनेतच तिला उत्तर होते. नोंद पुसली, की स्वयंचाचण्या अपूर्ण असल्याची खूण उमटते. त्या पूर्ण होण्यास थंड एंजिनापासून आरंभ, स्थिर वेगाने प्रवास, टाकीत मध्यम प्रमाणात इंधन अशा परिस्थिती लागतात. तपासणीत २००१ व नंतरच्या पेट्रोल गाड्यांना साधारणतः एकच अपूर्ण चाचणी माफ असते. म्हणून दुरुस्तीनंतर काही दिवस नेहमीप्रमाणे गाडी चालवूनच ती तपासणीस नेणे श्रेयस्कर असते. कॅलिफोर्नियात २०१५ पासून २००० व नंतरच्या बहुतेक गाड्यांची तपासणी प्रामुख्याने या स्मृतीवरूनच होऊ लागली. उपकरणाने न पुसल्या जाणाऱ्या ‘स्थायी’ नोंदी तेथे २०१९ पासून विचारात घेतल्या जाऊ लागल्या.

मर्यादा : गाडीच्या स्मृतीवर विसंबण्यातील धोका सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाला. फोक्सवॅगनच्या डीझेल गाड्यांतील आज्ञावली चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच उत्सर्जन कमी करीत असे. जगभरातील सु. १ कोटी १० लाख गाड्यांत ती होती. प्रत्यक्ष रस्त्यावर वायू मोजणाऱ्या संशोधकांमुळे ही लबाडी उजेडात आली.

भारतातील व्यवस्था : केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये नोंदणीस एक वर्ष झालेल्या वाहनाजवळ ‘पीयूसी’ प्रमाणपत्र असावे लागते. भारत स्टेज-४ व नंतरच्या वाहनांसाठी त्याची मुदत एक वर्ष, तर जुन्या वाहनांसाठी सहा महिने ठेवण्यात आली. पेट्रोल गाड्यांची ही चाचणी निर्भार अवस्थेची असल्याने तिला तीच जुनी मर्यादा आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ प्रमाणांनुसार गाड्यांत अंतःस्थ निदानव्यवस्था असते. नळीतील वायू, गाडीची स्मृती व रस्त्यावरील मापन यांपैकी कोणतेही एक साधन एकटे पुरेसे ठरलेले नाही, असे पाऊणशे वर्षांच्या या अनुभवावरून दिसून येते.