कवीच्या नावाने बसणारी पंगत

दरवर्षी जानेवारीच्या २५ तारखेला रात्री स्कॉटलंडमध्ये, आणि स्कॉट माणूस जेथे जेथे जाऊन स्थायिक झाला तेथे तेथे, एका कवीच्या नावाने पंगत बसते. तिला ‘बर्न्स सपर’ म्हणतात. कवीच्या जयंतीला कवितावाचन करणे आपल्याला नवीन नाही. परंतु त्याची आठवण म्हणून मेंढीच्या जठरात शिजवलेला खिमा वाजतगाजत आणायचा आणि त्या खिम्याला उद्देशून कविता म्हणायची, हा प्रकार ऐकणाऱ्यास प्रथम विनोदीच वाटेल. त्यामागील इतिहास मात्र सगळाच विनोदी नाही.

रॉबर्ट बर्न्सचा जन्म २५ जानेवारी १७५९ रोजी एअरशायर परगण्यातील अ‍ॅलोवे या गावी, बापाने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या मातीच्या घरात झाला. बाप खंडाने जमीन कसणारा. मुलगाही नांगर धरूनच वाढला. १७८६ साली किल्मारनॉक येथे त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. त्यापूर्वी संसाराची घडी बसेना म्हणून हा मनुष्य जमैका बेटात, गुलाम राबवणाऱ्या मळ्यावर हिशेबनिसाची नोकरी करण्यास निघाला होता. पुस्तक खपले आणि तो बेत राहिला. मनुष्यमात्राच्या समतेचे गीत पुढे ज्याने लिहिले, त्याच्या चरित्रातील ही नोंद भक्तमंडळींना अडचणीची वाटते. पण ती पुसता येत नाही.

१७८९ पासून बर्न्स अबकारी खात्यात कामाला लागला. ज्याने व्हिस्कीचे गोडवे गायिले, त्यानेच घोड्यावरून गावोगाव हिंडून दारूची पिंपे मोजावीत आणि सरकारी कर वसूल करावा, हा दैवाचा खेळच म्हणायचा! २१ जुलै १७९६ रोजी डम्फ्रीज येथे, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी तो वारला. मृत्यूपूर्वी नऊ दिवस, कर्जापायी तुरुंग पाहावा लागेल या धास्तीने, त्याने जॉर्ज टॉमसन या गीतसंग्राहकाकडे पाच पौंड आणि आपल्या एका चुलत भावाकडे दहा पौंड मागितले होते. त्याची प्रेतयात्रा निघाली त्याच दिवशी पत्नी जीन प्रसूत झाली.

१८०० साली डॉ. जेम्स करी यांनी बर्न्सचे चरित्र व काव्य प्रसिद्ध केले. त्यातून मुलाबाळांना पैसा मिळाला हे खरे, पण कवी व्यसनाने संपला हा समजही तेथूनच पसरला. करी हे मद्यपानाचे कट्टर विरोधक होते. बर्न्सला संधिवाताच्या तापातून जडलेला हृदयविकार होता, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा हाती पेला घेऊन त्याची स्मृती जागवणारे त्याचा गौरव करतात की त्याच्यावरील जुना आरोप पक्का करतात, हा प्रश्न मनात येतो. मला वाटते, याचे उत्तर पेल्यापेक्षा ताटात शोधावे.

पहिली पंगत बसली जुलै १८०१ मध्ये, पाचव्या पुण्यतिथीच्या निमित्ताने. स्थळ अ‍ॅलोवेचे तेच जन्मघर. मात्र तोवर त्याचा दारूचा गुत्ता झाला होता. हॅमिल्टन पॉल या धर्मोपदेशकाने ती जुळवून आणली. जेवणारे नऊ जण. ताटात मेंढीची मुंडी आणि हॅगिस. पुढील वर्षी ग्रीनॉकच्या मंडळींनी जयंती साजरी केली, पण २९ जानेवारीला! १८०३ मध्ये एअरच्या चर्चमधील नोंदवही पाहिली तेव्हा कुठे खरी तारीख कळली.

हॅगिस म्हणजे मेंढीचे हृदय, काळीज व फोपसे बारीक करून त्यात ओटचे भरड पीठ, चरबी, कांदा आणि मिरी घालून जठराच्या पिशवीत उकडलेला पदार्थ. खेडुताने काही वाया जाऊ न देता केलेले हे अन्न. बर्न्सने १७८६ साली त्यावर कविता रचली आणि फ्रेंच पद्धतीच्या नाजूक पक्वान्नांना नाके मुरडून या ओबडधोबड खाण्याला राजाचा मान दिला. आजही पुढे बॅगपाइप वाजत असतो, मागून हॅगिस येते, आणि कविता म्हणता म्हणता यजमान त्यात सुरी खुपसतो. सोबत कुस्करलेला सलगम आणि बटाटा. १९८४ मध्ये एडिंबरोच्या स्कॉटिश काव्य ग्रंथालयाच्या उद्घाटनासाठी डाळी-भाज्यांचे शाकाहारी हॅगिसही तयार झाले. आपल्यापैकी अनेकांना त्याचाच आधार.

आता पेल्याविषयी. बर्न्सच्या काळची व्हिस्की बहुधा ताजी, रंगहीन आणि जहाल असे. आज ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरल्याखेरीज तिला स्कॉच म्हणता येत नाही. त्यामुळे पदार्थागणिक पेय निवडण्याची चैन शक्य झाली. कोंबडी व लीक या कांद्याच्या जातीच्या भाजीच्या सुपाबरोबर सखल प्रदेशातील हलकी व्हिस्की. मिरीने तिखटलेल्या हॅगिसबरोबर, पीट या दलदलीतील मातीच्या धुरावर वाळवलेल्या सातूची धुरकट व्हिस्की. आणि साय, रासबेरी व भाजलेले ओट यांच्या ‘क्रॅनॅकन’बरोबर शेरीच्या पिंपात मुरलेली गोडसर. गरम पाणी व साखर घालून व्हिस्की घेतली की तिला तेथे ‘टॉडी’ म्हणतात. हा शब्द आपल्या ताडीवरूनच तिकडे गेला, असे कोशकार सांगतात.

भाषणांपैकी मुख्य भाषण कवीच्या स्मृतीचे. नंतर पुरुष स्त्रियांना उद्देशून पेला उंचावतात आणि स्त्रिया त्याला खोचक उत्तर देतात. पूर्वी कित्येक ठिकाणी स्त्रियांना या पंगतीत जागाच नसे. बर्न्सच्या प्रेमगीतांचा विचार करता हे चमत्कारिकच होते.

शेवटी सारे हातांत हात गुंफून ‘ऑल्ड लँग साइन’ म्हणतात. ते गीत छापून आले १७९६च्या अखेरीस, कवी गेल्यावर. आज जी चाल सर्वांच्या ओठी आहे ती १७९९ साली त्याला जोडली जॉर्ज टॉमसनने. मागितलेले पाच पौंड त्याने पाठवले होते.