गोदामात विरणारी नशा : साठवलेल्या गांजाचा इतिहास

१/ इ. स. १८९३. ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातील गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि त्यातून एक चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. आयोगाने १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये आपला अहवाल दिला. मुख्य प्रश्न व्यसनाचा होता. त्याच्या आड मात्र आणखी एक प्रश्न दडला होता : गांजा साठवून ठेवला तर त्याचे काय होते?

२/ मुंबई इलाख्यात गांजाचे पीक मुख्यतः घाटावर, विशेषतः अहमदनगर जिल्ह्याच्या कोरड्या हवेत घेतले जाई. सरावली, बोईसर, तारापूर हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. या किनारपट्टीची ओळख गांजाची नव्हे, ताडीची. तरीही दोन्हींवर अंमल एकाच कायद्याचा होता, तो म्हणजे १८७८ चा मुंबई अबकारी कायदा.

३/ बीज धरू नये म्हणून शेतातील नर झाडे वेळीच उपटली जात. मादी झाडांचे राळयुक्त तुरे कापून, वाळवून, दाबून गांजा तयार होई. बंगालमधील नौगाव येथे हा माल सरकारी देखरेखीखालील गोदामांत राहत असे आणि तेथून बाहेर पडताना त्यावर कर बसे.

४/ येथेच पेच होता. कर वजनावर बसे, पण गिऱ्हाईक पैसे मोजी ते गुणासाठी. वजन जवळपास तेवढेच राही, गुण मात्र घटत जाई. जुना माल निकस होतो, हे शेतकरी व व्यापारी अनुभवाने जाणून होते. कारण मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

५/ हाच माल हिंदुस्थानातून लंडनच्या औषधबाजारात पोहोचे. डॉ. जे. रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये दीर्घ अनुभवाच्या आधारे या औषधाची बाजू मांडली. पण त्याची ताकद एकसारखी नसते, म्हणून अल्प मात्रेपासून आरंभ करावा, असा इशाराही दिला. एका बाटलीने गुंगी यावी आणि दुसरीने काहीच होऊ नये, अशा औषधावर वैद्याने विसंबावे तरी कसे?

६/ १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसापासून एक तेलकट पदार्थ वेगळा केला. पुढे त्याला ‘कॅनाबिनॉल’ हे नाव मिळाले. नशेचे मूळ सापडले, असे वाटले. प्रत्यक्षात शुद्ध कॅनाबिनॉलचा परिणाम फारच सौम्य निघाला.

७/ उलगडा व्हायला १९६४ उजाडले. इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी खरे प्रभावी द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. ते टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी. हवेतील प्राणवायूच्या संयोगाने याच टीएचसीचे हळूहळू कॅनाबिनॉल होते. थोडक्यात, केंब्रिजच्या संशोधकांच्या हाती नशेची राख आधी लागली; अग्नी मागाहून सापडला.

८/ १९७६ मध्ये लंडनच्या फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी साठवणुकीचा अभ्यास केला. सर्वांत मोठा शत्रू ठरला प्रकाश. त्याखालोखाल हवा आणि उष्णता. अंधारात नीट ठेवलेला माल एक-दोन वर्षे बऱ्यापैकी टिके. १९९९ मधील एका अमेरिकी अभ्यासात खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या नमुन्यांतील टीएचसी पहिल्या वर्षी सुमारे १६.६ टक्के घटले. चार वर्षांत ही घट ४१.४ टक्क्यांवर गेली.

९/ हे ज्ञान आले, तोवर औषध म्हणून गांजाचा काळ सरला होता. १९३२ मध्ये ब्रिटनच्या आणि १९४२ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातून त्याचे नाव गेले. कारणे अनेक होती. भरवसा न ठेवता येणारी ताकद हे त्यांतील एक मोठे.

१०/ प्रश्न मात्र संपला नाही, त्याने जागा बदलली. पूर्वी तो सरकारी गोदामात होता, आज पोलिसांच्या मालखान्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ मध्ये कलम ५२-अ आले. जप्त मालाची चोरी, अदलाबदल आणि साठवणुकीची अपुरी जागा लक्षात घेऊन, दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने घेऊन उरलेला माल लवकर नष्ट करण्याची वाट त्याने खुली केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रक्रियेच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरला.

११/ कारण पुरावाही म्हातारा होतो. किनाऱ्यावरील दमट हवेत त्याला बुरशीही ग्रासते. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला, तर तराजूवर दिसणारा माल आणि परीक्षानळीत उरलेला माल एक राहत नाही. एकोणिसाव्या शतकातील अबकारी खात्याला पडलेले कोडे आज न्यायासमोर उभे आहे : वजन कागदावर राहते, गुण हवेत जातो.